बुधवारची खोटी पापं

ताई,

माझ्यावर रागावलेल्या, माझ्याशी बोलायचं सोडलेल्या आणि तरीही या जगात माझ्या एकुलत्या एक असलेल्या थोरल्या बहिणीला धाकट्याचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? चार वर्षांपूर्वी तुझा डावा गुडघा दुखत होता, म्हणजे एव्हाना उजव्यानेही सूर लावला असेल, तेव्हा दोघांचीही चौकशी करतो. भावोजींचा खोकला कसा आहे? (गेला असेल तर ही चौकशी मागे घेतो.) बघ, काय ही माझी अवस्था! सख्ख्या बहिणीची तब्येत अंदाजपंचे विचारावी लागते. तुझं शेवटचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यात मायना नाही, सही नाही, एकच ओळ आहे: "तुझी मुलं तुला लखलाभ." अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख. रागातही तुझी वेलांटी कधी चुकली नाही.

आता तू म्हणशील, आज कसा उगवला हा? सांगतो. पण मला मुळापासून सांगायची खोड आहे, आणि तुला माझं बोलणं मध्येच तोडायची. पत्रात ती सोय नाही, तेव्हा ऐकून घे. भाची सात वर्षांची असताना माझ्या सायकलच्या दांडीवर बसून म्हणाली होती, मामा, माझं लग्न तूच लावायचंस. मी हो म्हटलं होतं. तिच्या लग्नाला तीन दिवस उरले त्या सकाळी मी बॅग घेऊन जिना उतरत होतो, तर खालच्या पायरीवर दुसरी बॅग, आणि तिच्यावर बसलेला पहिल्या वर्षाचा एक मुलगा. डोळे सुजलेले. म्हणाला, मला हे जमणार नाही, मी घरी जातो. ताई, माझी बॅग परत वर गेली. मी सेमिनरीचा प्रमुख, फादर व्हायला आलेली ही पोरं माझ्या भरवशावर घर सोडून येतात, मी त्याला तसाच टाकून कसा जाणार, असं मी स्वतःला सांगितलं. (तुलाही तेच कळवलं. "कर्तव्य" हा शब्द तीनदा वापरला होता, आठवतं?) तीन दिवस मी त्याच्याजवळ बसून होतो. तिकडे भाचीचं लग्न दुसऱ्याच फादरने लावलं आणि म्हणे पाऊण तास प्रवचन झोडलं. मी वीस मिनिटांत उरकलं असतं. इकडे मुलगा राहिला. दीड महिना राहिला. मग एका सकाळी हसतमुखाने निरोप घेऊन निघून गेला.

त्याचं पुढे काय झालं? छान चाललंय त्याचं. केक, पाव, बिस्किटं करतो, दुकान जोरात आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याची पत्रिका आली. लग्न तुम्हीच लावा फादर, असा आग्रह. आणि मी गेलो, ताई. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. पुस्तक उघडून उभा राहिलो, समोर ती दोघं, आणि "तू हिचा स्वीकार करतोस का" विचारायच्या जागी माझा आवाजच गेला. लोकांना वाटलं, फादर किती हळवे! मला भाची दिसत होती. तिने कोणत्या रंगाची फुलं धरली होती तेही मला ठाऊक नाही. तिला मुलगी झाली हे मला फिरत्या औषधविक्रेत्याकडून कळलं. लोकांच्या लेकरांना बाप्तिस्म्याला नावं देण्यात माझं आयुष्य गेलं आणि माझ्या भाचीच्या मुलीचं नाव मला माहीत नाही.

असो. आमच्याकडचं सांगतो. यंदा शेवटच्या वर्षाला सात मुलं आहेत, सगळ्यांना पुढच्या महिन्यात गुरुदीक्षा मिळायची आहे, म्हणजे ती फादर होणार. सात वर्षांपूर्वी आली तेव्हा ह्यांना धड झाडू धरता येत नव्हता. प्रार्थनेला उभी राहिली की पेंगायची, जेवायला बसली की जागी व्हायची. मीच त्यांना आजाऱ्याजवळ गप्प बसायला शिकवलं, प्रवचन कुठे थांबवायचं ते शिकवलं (हे शेवटचं अजून कुणालाच जमलेलं नाही), आणि आता कुठे ती माणसांत आली, तर निघाली. दरवर्षी हेच. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी हात हलवतो, मग आत येऊन जेवणघरातल्या रिकाम्या झालेल्या खुर्च्या भिंतीला लावतो. तू एका लेकीची पाठवणी केलीस आणि आठवडाभर जेवली नाहीस. मी बावीस वर्षं करतोय, आणि रडायची सोय नाही, कारण लगेच दुसऱ्या दिवशी नवी पोरं येऊन विचारतात की संडास कुठे आहे.

तर ह्या शेवटच्या वर्षाला दर बुधवारी दुपारी एक तास असतो. कबुली ऐकण्याचा सराव. म्हणजे असं की, उद्या फादर झाल्यावर लोक ह्यांच्यापुढे येऊन आपली पापं सांगणार. तिथे भांबावून कसं चालेल? म्हणून वर्गात दोन खुर्च्या, मध्ये कपडे वाळत घालायच्या घडवंचीवर टाकलेला जुना पडदा, एका बाजूला मुलगा फादर होऊन बसतो आणि दुसऱ्या बाजूला मी पापी. बाकीचे सहाजण बाकांवर. पापं अर्थात मी रचलेली. बावीस वर्षांत मी काय काय नाही केलं! शेजारणीच्या भिंतीवरून बारा वर्षं भांडलो, धाकट्या भावाची सायकल विकली, बायकोची पापं सांगायला आलेला नवरा तर माझा हातखंडा. मुलांची मात्र तारांबळ उडते. एकाने मला चहात जास्त साखर घातल्याबद्दल महिनाभर उपास सांगितला. दुसरा इतका हेलावला की पडद्याखालून त्याने मलाच स्वतःची दोन पापं सांगितली, आणि तिसऱ्याने घाबरून उठताना पडद्यासकट घडवंची माझ्या अंगावर घातली.

ह्या वर्गाची खिडकी स्वयंपाकघराकडे उघडते, हे आमच्या आचाऱ्यामुळे लक्षात आलं. नवीनच लागला होता बिचारा. एका बुधवारी मी पडद्याआडून, घोगऱ्या आवाजात, गेली सहा वर्षं सासूशी एक शब्द बोललो नाही असं कबूल करत होतो, तर बाहेर परात पडल्याचा आवाज. पाप राहिलं बाजूला, ह्यांना सासू आहे, हेच त्याला झेपेना! पुढच्या बुधवारी मी कोठारातल्या बरण्या चोरल्या, त्या संध्याकाळी कोठाराला कुलूप. त्याच्या पुढच्या बुधवारी मी दारू सोडली, तेव्हा त्याने प्रेमाने सूप पाठवलं. शेवटी मी त्याला बोलावून सगळं समजावलं की बाबा, हे सोंग आहे, सराव आहे. तेव्हापासून तो खिडकीशी भाजी घेऊनच बसतो, आणि तास संपला की कोणतं पाप चांगलं वठलं ते सांगतो.

आता गेल्या बुधवारचं. पाळी होती एका मुलाची, ज्याला आम्ही सगळे मौनी म्हणतो. सात वर्षांत त्याच्या तोंडून मी शंभर वाक्यं ऐकली असतील तर शपथ. (शपथ घेणं आमच्या धंद्यात बसत नाही, पण तू समजून घे.) माणसांशी बोलता येत नाही, दीक्षा एक वर्ष पुढे ढकलावी, असं मी बिशपांना पाठवायच्या अहवालात लिहूनही ठेवलं होतं. त्या दिवशी मला सर्दी होती, आवाज बदलता येईना, आणि खरं सांगू, पापं संपली होती. डोकं खाजवूनही नवं पाप सुचेना. म्हटलं, चला, बहीण-भावाचं काहीतरी भांडण काढू, मुलगा काय नाहीतरी तोंड उघडणार नाही. आणि सुरुवात केली: फादर, मला एक थोरली बहीण आहे.

मग ते थांबेचना गं. सायकलची दांडी आली, जिन्यातल्या दोन बॅगा आल्या, केकवाला आला, त्याचं लग्न आलं. बाकांवर कुणीतरी आधी हसलं, मग तेही थांबलं. मी आपला बोलतोय, बोलतोय, आणि परिस्थितीच तशी होती, दुसरा इलाज नव्हता, जबाबदारी होती, असं नेहमीचं सगळं लावून दिलं. पडद्यापलीकडून मौनीने विचारलं, "तुम्ही बहिणीला माझं चुकलं असं म्हणालात का?" मी म्हटलं, मी लोकरीचं पांघरूण भेट पाठवलं. त्याने तेच पुन्हा विचारलं, आवाज न चढवता. मी म्हटलं, आशीर्वादाचं कार्डही पाठवलं, सोनेरी कडांचं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. ताई, मी मुलांना शिकवतो की माणूस गोल गोल फिरायला लागला की त्याला हाताला धरून मुद्द्यावर आणा. पण ते दुसऱ्यांना! मी म्हटलं, नाही. नाही म्हणालो. मग तो म्हणाला, क्षमा देण्याचा अधिकार मला अजून मिळालेला नाही, पण प्रायश्चित्त सांगतो. आणि सांगितलं.

तास संपल्यावर चुका दाखवायची माझी पद्धत आहे. वही उघडून पडद्याबाहेर आलो आणि कोरी पानंच उलटत राहिलो. घंटा वाजली म्हणून सुटलो. बाहेर आचारी भेटला. भारावून गेला होता. म्हणाला, फादर, आजवरचं सगळ्यांत झकास सोंग, रडणं तर हुबेहूब.

त्यानंतर तीन दिवस मी पळवाटा शोधल्या. अजून दीक्षा न झालेल्या मुलाने, सरावाच्या तासाला, सांगितलेलं प्रायश्चित्त लागू होतं का? दोन जाडजूड ग्रंथ पाहिले. मग आमच्या ग्रंथालयातल्या म्हाताऱ्या फादरांना विचारलं. ते म्हणाले, अजिबात लागू नाही, हे प्रायश्चित्तच नव्हे. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हलक्या पावलांनी खोलीवर आलो, मौनीचा अहवाल काढला, त्यातलं ते वाक्य खोडलं, आणि जेवायला गेलो तो भरलं ताट तसंच ठेवून उठलो. मग हा कागद घेतला.

इथलं बाकी ठीक. भावोजींना नमस्कार. भाचीला, तिच्या नवऱ्याला आणि नाव माहीत नसलेल्या त्या चिमुरडीला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. पत्र लिही, हेच मौनीने सांगितलेलं प्रायश्चित्त असं तुला वाटलं असेल. नाही. पत्राची हुशारी माझी. त्याने स्वतः जाऊन ये म्हणून सांगितलं होतं. आज सकाळी हे पाकीट त्याच्याकडे टपालात टाकायला दिलं. त्याने पत्ता वाचला, पाकीट माझ्या हातात परत ठेवलं आणि न विचारता बोलला: "फादर, हे तुम्हीच नेऊन द्या."

ता. क. दुसरा. बसमध्ये पुन्हा वाचून पाहिलं. एवढी पानं भरली, आचारी आहे, परात आहे, सूपसुद्धा आहे, आणि ते एक वाक्य नाहीच. तर ताई, माझं चुकलं. त्या मुलाजवळ बसायला आणखी तीन फादर होते. पण तो "तुम्हीच हवेत" म्हणाला आणि मला ते फार गोड लागलं. मला कुणी बाबा म्हणणार नाही, तेव्हा असं कुणी बिलगलं की मी सगळं विसरतो. तुमच्याकडे लग्नात शंभर माणसं होती, माझ्यावाचून अडणार नाही असं मनाशी धरलं. अडलं होतं ना गं?

ता. क. तिसरा. पेन्सिलीने लिहितोय, अक्षर वाकडं आहे, कारण कागद मांडीवर आहे. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. आत कुठलं तरी लहान मूल गाणं म्हणतंय आणि तू त्याला ओरडते आहेस, आवाज अगदी तसाच आहे. हे दाराच्या फटीतून आत सरकवतोय. सावकाश वाच, मी पायरीवर बसलोय. दार उघडलंस तर आधी तिचं नाव सांग.