उसनं धड

३ सप्टेंबर
बालाघाटात आले आणि पहिल्याच दिवशी कामाला लागले! बसस्टँडजवळ हिरालालभाऊंचा फोटो स्टुडिओ. मुख्य धंदा गेलेल्या माणसांच्या फोटोंचा. लग्नाच्या घोळक्यातून नाहीतर आधार कार्डावरून चेहरा कापायचा आणि तयार धडावर चिकटवायचा. साऱ्या पुरुषांना एकच कोट-टाय, साऱ्या बायांना एकच जांभळी साडी. जन्मात कोट न घातलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन बसतो. बायांचं धड फारच धुरकट झालं होतं, म्हणून भाऊंनी मलाच हिरवी साडी नेसायला लावली आणि मांडीवर हात ठेवून नवा फोटो काढला. आता गळ्याखाली जिल्ह्यातली प्रत्येक मयत बाई म्हणजे मीच. हसून हसून पुरेवाट झाली.

५ सप्टेंबर
दोन बायांचे फोटो केले, पण संगणक म्हणजे नुसता रडका. फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. प्रोसेसर स्वस्तातला असला तरी त्याचा वेग वाढवता येतो. गोंदियात दोन वर्षं मी हेच केलंय. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसर ताणला, मेमरी २६६६ वरून ३२०० वर नेली. चाचणीत चुका आल्या. अशा वेळी वेग उतरवायचा असतो. मी व्होल्टेज वाढवलं, चुका दोनच उरल्या, म्हटलं चालतंय. हे सगळं सेटिंग जपून ठेवलं आणि एका बटणावर परत कसं आणायचं ते भाऊंनाही शिकवलं. आधी ते कुरकुरले, ‘चालून राह्यलं ते चालू दे ना, काहून छेडून राह्यली?’ आता भलते खूश आहेत.

८ सप्टेंबर
लालबर्ऱ्याच्या लीलाबाई, काविळीनं गेल्या. चेहरा चिकटवताच पडद्यावर धडाचे हात पिवळे झाले. मेमरी चुकली की रंग बिघडतात, त्यात नवल नाही. रंग सुधारून छापलं. संध्याकाळी भात कालवताना माझी नखं हळदीसारखी पिवळी. घासली, जात नाहीत.

१० सप्टेंबर
खैरलांजीच्या तुळसाबाई. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. सून सांगत होती, शेवटी पाठीतून किडे वेचावे लागले. फोटो झकास झाला. दुपारी माझा ब्लाउज पाठीला चिकटला. घाम असेल म्हणून सोलून काढला तर पू! आणि वास, कपाटामागे उंदीर मेल्यावर येतो तो. शी! हाताला लागलं ते तीनदा साबणानं धुतलं. स्वतःच्याच अंगाची इतकी किळस कधी आली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, किती महिने झोपून आहात?

११ सप्टेंबर
वेग वाढवण्याआधी केलेल्या दोन बायांचं मला काहीच लागलं नव्हतं. म्हणजे खोड मी ताणलेल्या मेमरीतच आहे. दुकानात जाऊन वेग मूळ जागी आणला. माझं धड पुसून टाकलं. भाऊंना हात जोडून सांगितलं की जुनं जांभळं धडच वापरा, नाहीतर मी कुजून मरेन. नाकाला रुमाल लावून ते ‘हौ, हौ’ म्हणाले.

१२ सप्टेंबर
खोलीवरच आहे. पाठ सुकली. खपली धरली. पेज पोटात राहिली.

१३ सप्टेंबर, दुपार
भाऊंचा फोन. तेरवीची घाई, दुकानात लोक बसलेत. माझ्या धडाची एक प्रत त्यांच्या पेनड्राइव्हवर होतीच म्हणे. संगणक लईच रडत होता म्हणून ते बटणही दाबलं. मी ओरडले, बाई कोण? रामपायलीकडची. वैनगंगेत बुडाली. सहा दिवसांनी सापडली, माशांनी—

बंद करा म्हटलं, वायर उपटा. ‘आता तं छापूनच राह्यलो वो, आम्रपाली.’ आणि फोन ठेवला. पुन्हा लावते तर उचलत नाहीत.

प्रिंटर वरून खाली छापतो. गळा फुगला. छाती जड झाली, आत पाणी डुचमळतंय—

पोट. कातडी ताणून चकाकतेय. बेंबीतून गढूळ काहीतरी— शेवाळाचा वास— आत लहान लहान तोंडं कुरतडताहेत—

दारापर्यंत जाववत नाही. भाऊ, थांबवा—

फोटोत हात सर्वांत खाली आहेत. मनगट पांढरं पडलं. बोटं भिजून फुगली, पेन रुततंय— कातडी सुटतेय, हातमोज्यासारखी, पेनसकट नि—