वर्धेत सोडलेली राख

भातकुली,
ता. १० नोव्हेंबर, सोमवार

ति. दादा,

माणिकचा पाया पडून नमस्कार. इकडे आई अन् मी बऱ्या आहो. वांग्यावर कीड पडली, मेथी तेवढी चांगली निघाली. वहिनीचा गुडघा कसा आहे? फोन केला तर तुही सून उचलते अन् बाबा झोपले म्हणते, म्हणून लिहून राहिली. माहा श्याम बाळापूरले येऊन राहिला, त्याच्या हाती देते. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाच. पण सुनेले वाचाले देऊ नको.

काल मेथी घेऊन अमरावतीले गेली होती. राजकमल चौकात मोठं बॅनर. मले वाटलं कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस असन. वर पाहिलं तर आपला भगवंत. तेच बाहेर आलेले कान. डोक्यामागं पिवळा गोल काढलेला अन् खाली लिहिलं, ब्रदर भगवंत. श्याम पोटात होता तेव्हा मेलेल्या माणसाचं आता कोणी बॅनर लावते काय?

खाली चर्चचा पत्ता होता. टोपली घेऊनच गेली. तिथले फादर तरणे, बोलणं एकदम शुद्ध. मी म्हटलं, हा माहा भाऊ आहे, याले चौकात कोणी टांगलं? ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ तीस तारखेला धन्यवादित होणार." मी म्हटलं, धन्यवाद राहू द्या, आधी हे काय आहे ते सांगा.

मंग त्यायनं समजावलं. धन्यवादित म्हणजे त्यायच्यात संत होण्याच्या आधीची पायरी. भगवंत होता त्या मिशनच्या कुष्ठ दवाखान्यात तापाची साथ आली, बाकीचे निघून गेले, हा पेशंटायजवळ थांबला अन् त्यातच गेला. आता रोमहून मंजुरी आली. अकोल्याची एक बाई, डॉक्टरायनं हात टेकलेली, तिनं याचं नाव घेतलं अन् उठून बसली म्हणे. आपला भगवंत, जो विहिरीत डोकवायले भ्यायचा.

अन् ब्रदर म्हणजे काय, ते बी मले काल समजलं. आपल्याले वाटे, सुया टोचणारा ब्रदर. त्यायच्यात ब्रदर म्हणजे येशूच्या नावानं व्रत घेतलेला माणूस. तो सांगतच होता, "मी ब्रदर आहे, मले लग्न करता येत नाही." आपण सगळे हसलो. आई म्हणे, सरकारी दवाखान्यातल्या ब्रदरले तर दोन पोरं आहेत, तुलेच कोणी अडवलं? मनकर्णामावशी पोरगी दाखवायले घेऊन आली तर हा मागच्या दारानं पळाला. तो खोटं नव्हता बोलत, दादा. आपल्यालेच शब्द समजला नाही.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मंग फादरनं मले आत नेलं. काचेमागं एक लाकडी पेटी होती. याच्यात काय आहे, मी विचारलं.

"ब्रदरच्या अस्थी. मागच्या वर्षी कबर उघडली."

मी म्हटलं, कबर कायची? त्याच्या अस्थी तर आमी कौंडण्यपूरले वर्धा नदीत सोडल्या.

दादा, ते गाडगं तू आणलं होतं. एकटा गेला, एकटा आला. म्हणाला, साथीचा ताप होता, त्यायनं तिथंच जाळला. आईनं हात घालून पाहिलं, याच्यात हाड कसं नाही म्हणे. तू म्हणाला, तापानं हाडाचं पीठ झालं. आमी मानलं. दहावा केला. आई अजून पितृपक्षात त्याच्या नावाचं पान वाढते. मंग त्या गाडग्यात होतं कोण?

फादरले माहीत नव्हतं. त्यायनं संघपालले बोलावलं. म्हातारा त्या दवाखान्यातला जुना पेशंट, हाताची बोटं झडलेली, भगवंतानं त्याच्या जखमा धुतल्या. तो म्हणाला, "ब्रदरची इच्छा होती का मले इथंच पेशंटायच्या बाजूले पुरा. तुमचा मोठा भाऊ लय भांडला. मंग त्यानंच हातानं माती लोटली. ब्रदरची गादी अन् कपडे जाळले होते, तिथं बसून त्यानं गाडगं भरलं. म्हणे, माह्या आईले काहीतरी पाहिजे."



गादी सोडली आपण वर्धेत. अन् एवढी वर्षं तू हे मले बी सांगितलं नाही. फादर म्हणे बाळापूरले तुह्याकडे चर्चची माणसं आली होती, तू सांगितलं माह्याशिवाय याचं कोणी उरलं नाही. आई जिती असताना? मातीचं ऐकून मले रडू आलं, तरी याचा राग आहे तो आहेच.

आईनं काल विचारलं, उशीर काहून झाला. मी म्हटलं ऑटो भेटला नाही. तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही. फादर म्हणतात, तीस तारखेले तिले पुढं बसवू, पेटीवर पहिलं फूल तिचं. ती काय करन मले माहीत नाही. छाती बडवन, नाही तर चर्चवाल्यायले शिव्या घालन. पण तिले मी सांगणार नाही. ते गाडगं तिच्या हातात तू दिलं होतं, काढून बी तूच घे.

तीस तारखेच्या आत ये. गादीचं सांग, अन् मातीचं बी सांग, ते लपवू नको. नाही आला तरी मी तिले घेऊन जाईनच. पेटीपुढं तिनं विचारलं, हे कोण आहे, तर मी तोंड उघडणार नाही. तुही खुर्ची रिकामी ठेवीन अन् तिकडे बोट दाखवीन.

दोघा भावांची बहीण,
माणिक