मालक आले तेव्हा मी बसलेलीच होते

३१ मार्च
डाव्या सपातेने माझ्याविरुद्ध कट केला आहे. रोज सकाळी पलंगाखाली, थेट भिंतीपाशी! वाकून काढली, उभी राहिले — डोळ्यांपुढे अख्खं स्फॅक्स शहर काळं. कपाटाला धरलं म्हणून वाचले. बावीस वर्षं पेपरात इथल्या बड्यांना टोमणे मारतेय, कोणाला पाडता आलं नाही. सपातेने पाडलं असतं!

३ एप्रिल
सिस्टर नज्वाने आडवं करून रक्तदाब घेतला — एकशे तीस. उभं करून — नव्वद!
"लल्ला दलिला" — मानाने असंच म्हणते — "उठलं की रक्त पायांत उतरतं. शिरा आवळून, ठोके वाढवून ते वर चढवावं लागतं. तुमच्या शरीराला उशिरा जाग येते."
म्हटलं, नगरपालिकेसारखी! हसली नाही. भरपूर पाणी प्या, खारे ऑलिव्ह खा, उठण्याआधी पोटऱ्या आवळा. झटकन उठायचं नाही. वर डॉक्टरांची तशी चिठ्ठी; संपादकांना सांगून ठेवलं.

६ एप्रिल
पेपरचे नवे मालक कचेरीत आले. सगळे ताडकन उभे! मी आज्ञाधारकपणे पोटऱ्या आवळत बसले. आवळून होईपर्यंत स्वारी पुढे गेलीसुद्धा. शेजारी लस्साद, आमचा मुद्रितशोधक. अर्धा उठला होता, माझ्याकडे पाहिलं — आणि परत बसला.

७ एप्रिल
कॉफीवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे — "शाबास! कणा असावा तर असा!" मी खुलासा केला नाही. आवडलं मेलं.

८ एप्रिल
लस्सादला काढलं.
संपादक नाजी मला म्हणाले, "तुमची ती चिठ्ठी द्या, दलिलाबाई. आजाऱ्याला कोण काय म्हणणार?"
आणि लस्साद?
"त्याला कुठला आजार?"
तो दारात भेटला, काखेत शब्दकोश. "तुम्ही बसलात. म्हटलं, एकट्या कशाला? एकोणीस वर्षं उठतोय, लल्ला. एकदा बसून पाहिलं."
चिठ्ठी दिली नाही. तिच्यात ऑलिव्हच्या बिया बांधून फेकून दिली.

१२ एप्रिल, रविवार
लस्सादच्या घरी जाऊन खरं ते सांगून टाकलं. त्याने हातातला शब्दकोश मिटला. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.
"म्हणजे माझी नोकरी तुमच्या पोटऱ्यांपायी गेली!"
बायको हसली नाही. कॉफी मात्र दिली.
नाजींचा निरोप आलाय — उद्या मालक पुन्हा येताहेत, या वेळी उठा म्हणजे मिटलं.

१३ एप्रिल
सकाळी मूठभर ऑलिव्ह, दोन पेले पाणी. पोटऱ्या आवळल्या. कचेरीत दोनदा उठून पाहिलं — डोकं लख्ख.
दहाला मालक आले. सगळे उठले.
मी बसून राहिले.