शिंप्याने कापलेलं गॅस्केट

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

शिंप्याचा कात्री खाली ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सोडून सगळे. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच. तुमचे डोळे कसे आहेत? ऑपरेशनला तीन महिने झाले, नवा चष्मा आला, डॉक्टरांनी पूर्वीसारखं सगळं करायची मोकळीक दिली, हे ताईने कळवलं होतं. तरी आलेली पत्रं अजून तीच वाचून दाखवते असंही कळलं. (ताई, जरा दमाने वाच. कंस आला की आवाज उतरव. लहानपणापासून तुला कंस दिसतच नाहीत.)

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. 'विमान कुणाला तरी देऊन टाक. आता माझ्याच्याने होणार नाही.' भाऊजी, ज्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाला अठरा वर्षांत तुम्ही मला फडक्याने पुसण्यापलीकडे हात लावू दिला नाहीत, ते देऊन टाकायला तुम्हाला दोन ओळी पुरल्या! लेकीकडे राहायला जाताना ते माझ्या दुकानामागच्या खोलीत ठेवलंत, तेव्हा नुसत्या सूचनाच चार पानं होत्या. असो. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही (निदान तुमच्या देखत नाही). शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं, तर ते आनंदाने तयार झाले. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाले, फक्त एकदा इंजिन चालू करून दाखवा. आता तुम्ही जन्मभर पाण्याच्या पंपांपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची इंजिनं दुरुस्त केलीत, आणि तुमच्याच विमानाचं इंजिन बंद पडलेलं लोकांच्या हाती द्यायचं? मला ते पटेना. म्हणून म्हटलं, आधी आपणच एकदा चालू करून बघावं. तिथून माझे ग्रह फिरले.

विमानाची शेपटी इस्त्रीच्या टेबलाच्या पायाला जाड पट्ट्याने बांधली, चोक ओढला आणि पंखा हाताने फिरवला. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. पुन्हा फिरवला, पुन्हा खोकलं. असं बारा वेळा झालं. तेराव्या वेळी पंखा उलटा फिरला आणि माझी दोन बोटं मध्ये सापडली. (पंखा फिरवताना जाड हातमोजा घालावा, असं तुमच्या सूचनांच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय. मी पहिलं पान शेवटी वाचलं.) तेव्हापासून मी करंगळी आणि अंगठ्यात सुई धरतो आहे, आणि काज करायची कामं आमच्या हिच्याकडे गेली आहेत.

मग तुमची पानं नीट उघडली. त्यात लिहिलंय, 'बंद पडलं तर आधी पेट्रोल बघ, मग ठिणगी बघ, मग नळीतून हवा शिरते का ते बघ. कार्बोरेटरच्या दोन स्क्रूंना सगळ्यात शेवटी हात लाव. अडाणी माणूस सगळ्यात आधी तेच पिळतो.' भाऊजी, हे वाचेपर्यंत माझे दोन्ही पिळून झाले होते. एक स्क्रू सावकाश चालण्यासाठी आणि दुसरा पूर्ण वेगासाठी, एवढं मला ठाऊक होतं. कुठला कुठला, हे ठाऊक नव्हतं. अर्धा फेरा आत, पाऊण फेरा बाहेर, असं करता करता हिशेबच राहिला नाही. आमची ही दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "शिवणयंत्राचा टाका घट्ट करताय की सैल?"

तेव्हा शहाण्यासारखी पहिल्यापासून सुरुवात केली. टाकीतलं आठ महिन्यांचं पेट्रोल ओतून दिलं आणि तेल मिसळलेलं नवं भरलं. प्लग काढून ठिणगी पाहिली. (पाहताना एक बोट लोखंडाला टेकलं होतं. ठिणगी आहे. चांगली आहे.) टाकीतली नळी वाळून कडक झाली होती, ती बदलली. दोन्ही स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत नेऊन, तुम्ही लिहिल्याप्रमाणे बरोबर दीड फेरा बाहेर काढले. एवढं सगळं करूनही इंजिन खोकून गप्पच.

राहता राहिला कार्बोरेटर. कापड बेतायच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि त्यावर तो उघडला. आत सदऱ्याच्या बटणाएवढी एक जाळी निघाली. वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा बसून ती पार बुजली होती. शिवणयंत्र साफ करायच्या ब्रशाने घासून मी ती लख्ख केली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तुमच्यापेक्षाही मोठा मेकॅनिक झाल्यासारखं वाटलं. तिथेच सगळं पुन्हा बसवलं असतं, तर हे पत्र तीन ओळींत संपलं असतं. पण कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधलं कागदी गॅस्केट माझ्या नजरेला पडलं. कडा विरलेल्या, एक कोपरा दुमडलेला, आणि बाजूला एक बारीकसं भोक. मी मोजून पाहिलं. मधलं मोठं भोक हवेचं, दोन भोकं स्क्रूंची, आणि हे चौथं कुणाचंच नाही. म्हणजे झिजून पडलेलं. भाऊजी, मी शिंपी माणूस. तुमच्या पँटच्या उजव्या खिशात तो स्क्रूड्रायव्हर असतो, दर दोन महिन्यांनी तो अस्तर फाडतो, आणि ते भोक मी अठरा वर्षं बुजवत आलो आहे. तुमच्या इंजिनातलं मी तसंच कसं सोडणार? कोपऱ्यावरच्या मोटार दुरुस्तीवाल्याकडून त्याच जाडीचा कागद आणला, खडूने आखला आणि लहान कात्रीने असं सुबक गॅस्केट कापलं की तुम्हीही दुकानातलं म्हणाल. चौथं भोक अर्थातच पाडलं नाही.

आता इंजिनाची नवीच तऱ्हा. कार्बोरेटरच्या तोंडात चार थेंब पेट्रोल घातलं की ते गर्जना करून उठतं, चार सेकंद पूर्ण जोरात चालतं आणि बंद पडतं. पुन्हा चार थेंब, पुन्हा चार सेकंद. अशाच एका चार सेकंदांत बेतून ठेवलेलं अस्तर भिंतीवरून शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं, आणि बँकेच्या साहेबांच्या, फक्त बटणं लावायची राहिलेल्या कोटावर तेलाचे बारीक ठिपके उठले. ही म्हणाली, "आजवर पेट्रोलने डाग काढत होतात, आता पेट्रोलचे डाग कशाने काढणार?" (साहेबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय मी काजांवर मेहनत घेतोय.) मोटार दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, पेट्रोल वर चढतच नाहीये. आणखीही काहीतरी म्हणाला, पण ते फारसं महत्त्वाचं नसावं. टाकी भरलेली, नळी नवी, जाळी लख्ख, गॅस्केट पहिल्या प्रतीचं. मग पेट्रोलला वर चढायला झालंय काय? माझी तर मती गुंग झाली आहे, आणि रविवार तोंडावर आला आहे.

भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा, ताईला ओरडायला लावू नका.

तुमचा,
दोन बोटं कमी असलेला मेहुणा

ता. क. दोष तुमच्या ध्यानात आला असेल, तर कृपा करून पत्रातून कळवू नका. मी आणखी काहीतरी शिवून ठेवीन. तुम्ही स्वतःच या. खोली झाडून ठेवली आहे.

आणखी ता. क. ताई, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. चौथ्या भोकाचं ऐकताच ते खुर्चीतून उठून माझ्या नावाने ओरडले असतील. ओरडू देत. उठले ना? इंजिन मंगळवारीच सुरू झालंय. दुरुस्तीवाल्याने गॅस्केट पाहिलं आणि डोक्याला हात लावला. इंजिनाच्या पोटातली हवा त्याच भोकातून धक्के देते आणि त्या धक्क्यांनी पेट्रोल वर ओढलं जातं, असं त्याने मला समजावलं. टोचणीने भोक पाडलं आणि पंखा फिरवला, तर टाकी संपेपर्यंत इंजिन थांबलं नाही. मग मी ते गॅस्केट काढून बटणांच्या डब्यात ठेवलं आणि तसंच दुसरं, बिनभोकाचं, कापून बसवलं. मास्तरांनाही सांगून टाकलं की विमान द्यायचं नाही. ताई, गेल्या खेपेला कमरेत आत घ्यायला तू त्यांची पँट पाठवली होतीस. सवयीने आधी उजव्या खिशात हात घातला. आठ महिने वापरलेली पँट, आणि खिसा धडधाकट. त्या दिवशी मला दुसरं काही शिवता आलं नाही. तू फक्त तिकिटं काढ.

शेवटचं ता. क. भाऊजी, ताईच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा वरचंही तिने मोठ्याने वाचलं असणार. हरकत नाही. इंजिन मला चालू करता येतं, पण विमान उडवता येत नाही, आणि ते मी दुसऱ्या कुणाकडून शिकणार नाही. येताना स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालू नका. खिशातच ठेवा. खिसा मी शिवीन.