आईची पेटी

३ मार्च
माझी पेटी गावातच ठेवली, हे काही बरं केलं नाही. साठी झाली तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे नवऱ्याने देवदाराची करून घेतली होती, दर वर्षी रोगणाचा हात मी स्वतः दिलाय. झाओलिन म्हणतो, आई, प्रांताच्या उपप्रमुखाच्या घरात शवपेटी ठेवत नाहीत. जिल्ह्याचा प्रमुख होता तेव्हा यानेच म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पेट्या फोडून जाळल्या, मेल्यावर सगळ्यांनी मुकाट्याने विजेच्या भट्टीत जावं म्हणून. माझी तेवढी डुकरांच्या खोपटात पेंढ्याखाली लपवली. असो, लेकाकडे पोचले. घर झकास आहे. नळाला गरम पाणी, दारातला शिपाई मला सलाम ठोकतो. कामवाली चिउबाई पेज बरी करते, पण तोंडाची फाटकी. वही बघून म्हणाली, आजी, ही अक्षरं की कोंबडीने उकरलंय? मी म्हटलं, तुझी पेज खाऊन हातात जोर कुठून येणार?

९ मार्च
लेक प्रांताचा प्रमुख होणार. फलकावर नाव लागलंय, आठवडाभरात कोणाची हरकत आली नाही की झालं. सरकारी कागदावर तो तीन वर्षांनी लहान आहे. तसं केलं नसतं तर या वयात कोणी विचारलं नसतं. आज मंत्रतंत्र करणाऱ्या फान गुरुजींना घेऊन आला. पायरी चढायची असली की हा त्यांनाच बोलावतो. गुरुजींनी माझी जन्मवेळ विचारली. मीही तोऱ्यात सांगितली, वाघाच्या वर्षातली, कोंबडा आरवायच्या आधीची. संध्याकाळी झाओलिनने दीर्घायुष्याच्या शेवया आपल्या हाताने भरवल्या. माझा वाढदिवस नसताना.

१२ मार्च
माझी पेटी गावाहून आली. मागच्या दाराने, ताडपत्रीखाली. माप बघायला आत पडले तर आतल्या उशीखाली लाल कागद. माझं नाव, माझी जन्मवेळ. चिउबाईने तो दोनदा वाचला. मग भाजी चिरताना बोलली. वहिनीसाहेबांच्या पेटीतही उशीखाली असाच होता.
सुनेची पेटी ती मरायच्या आधी आली होती. चुकून आली, झाओलिन म्हणाला होता. भरदुपारी स्वयंपाकघरात ती ‘ओ’ म्हणाली. कोणी हाक मारली नव्हती. पडली ती उठलीच नाही. त्याच आठवड्यात हा उपप्रमुख झाला.
माझा नवरा कोबी खुडताना ‘आलो’ म्हणाला आणि तिथेच गेला. तेव्हा हा जिल्ह्याचा प्रमुख झाला.
कोणाची हाक ते कळल्याशिवाय ओ देऊ नये, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. त्या दोघांनी दिली.

१४ मार्च
जेवताना हाक आली. पेटीतून. माझं माहेरचं नाव. ओठ दाबून धरले. झाओलिन बघत होता. म्हणाला, आई, ऐकायला कमी येतं का? बाबांनी तर लगेच ओ दिली होती.
आणि मला भात वाढला.

१५ मार्च
पुन्हा हाक. पुन्हा. तो माझी पाठ चोळत होता. गोड आवाजात म्हणाला, अजून किती जगणार आहेस? उद्या मुदत संपते. माझं वय चाललंय, तुझं तर होऊन गेलं.
याला मी तीन दिवस कळा सोसून —
जाऊ दे.

१६ मार्च
चिउबाईला तिच्या घरी पाठवलं. पेटीतल्या उशीखालचा कागद बदलला. त्यावर झाओलिनचं पाळण्यातलं नाव घातलं, कुत्र्या. यमाला हे पोर नकोसं वाटावं म्हणून मीच ठेवलेलं. जन्मवेळ खरी घातली, सरकारी नव्हे. ती जिने जन्म दिला तिला ठाऊक. अक्षर वाकडं आहे. वाचता येतं.

दुपार. ताटं वाढलीत. त्याचा फोन वाजला. झालं म्हणे. नेमणूक झाली. हसतोय —

हाक आली. कुत्र्या.

माझ्याच आवाजात. अंगणातून जेवायला बोलवायचे तशी —

माझे ओठ मिटलेत. त्याला दिसतंय. घास हातातच. आई, तू ओ दे, म्हणतो. तूच दे, आई —

पुन्हा —

आईच्या हाकेला लेकानेच ओ द्यायची असते. दे, कुत्र्या, तूच दे —