चिंचमळ्यातील माझे एक एकर

मी, सौ. सुलोचना भीमराज भिंगारदिवे, वय ६७, निवृत्त टेलिफोन सुपरवायझर, सध्या राहणार मौजे चिंचमळा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या जुन्या सर्व कागदांवर अहमदनगर असे आहे, दोन्ही एकच समजावेत), हे मृत्युपत्र स्वतः विचार करून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे बंधू आसाराम यांना दाखल्याशिवाय ते पटणार नाही. मला कोणताही मोठा आजार नाही. कागद धडधाकट असताना करावेत, अंथरुणावर पडल्यावर केलेल्या कागदांवर भांडणे होतात, हे मी माहेरी पाहिले आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एक मसुदा केला होता, तो फाडला. का फाडला ते कलम ५ मध्ये येईल. या कागदात खरा प्रश्न एकच आहे: माझ्यामागे माझे पती शेतावर राहणार की नाही, आणि ते कोण ठरवणार. बाकीची कलमे आधी उरकते.

कलम १. नगर येथील दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा महेंद्र आणि मुलगी रश्मी यांना निम्मे निम्मे. रश्मीचे लग्न झाले आहे हे मला माहीत आहे, लग्न मीच लावून दिले. त्याने तिचा हिस्सा कमी होत नाही. बँकेत जे असेल तेही असेच वाटावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रश्मीने करावी. ती कागद नीट वाचते. महेंद्र शेवटचे पान वाचतो.

कलम २. कर्जत तालुक्यातील माझ्या वडिलांच्या कोरडवाहू जमिनीत माझे नाव आजही सातबाऱ्यावर आहे. हे नाव काढण्यासाठी आसाराम अनेक वर्षे दर भाऊबीजेला साडी आणि साडीच्या घडीखाली हक्कसोडपत्र घेऊन येत असे. साडी मी ठेवून घेई, कागद परत देई. "अक्का, भावाला हक्क सोडायची रीत हाय," असे तो म्हणे. मी विचारी, "रीत आहे तर कागद कशाला लागतो?" मग तो कागद पुन्हा खिशात घाली. त्या सातबाऱ्यामुळेच मी कायद्याने शेतकरी ठरले आणि शेतकरी ठरले म्हणून निवृत्तीनंतर चिंचमळ्यात जमीन घेऊ शकले. तेव्हा सही न करण्याचा फायदा मी स्वतः अनुभवला आहे. कर्जतचा माझा हिस्सा मी आसारामची मुलगी जया हिला देते. तिच्यापुढेही तिच्या भावाचा असाच कागद येणार आहे. तिने काय करायचे ते तिने ठरवावे, पण साडी परत करू नये.

कलम ३. शेळ्या, त्या वेळी जितक्या असतील तितक्या, सून अश्विनी हिच्या. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आमच्याकडे राहिली. पहिल्या आठवड्यात नाकाला पदर लावून गोठ्यात येत होती, दुसऱ्या आठवड्यात धार काढायला शिकली, तिसऱ्या आठवड्यात मलाच सांगू लागली, "आई, तुम्ही सड ओढता, दाबत नाही." तिचे म्हणणे बरोबर होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेळ्या ठेवता येत नाहीत हे मला कळते. त्या इथेच राहतील, तिने येऊन पाहाव्यात. माझी खुरपी, विळे आणि फवारणीचा पंप मात्र घरातच राहावा. पंप कोणालाही उसना देऊ नये. शेजारच्या भागूबाईंना तर मुळीच नाही. त्यांनी तो तणनाशक मारून न धुता परत केला आणि माझी मिरची जळाली. त्यांच्याशी माझे बोलणे आहे, पंप नाही.

कलम ४. माझ्यामागे बौद्ध पद्धतीने विधी करावा. पुण्यानुमोदनाला साधे जेवण असावे. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. नोकरीत असताना मी बेशिस्त कोणाचीच चालवून घेतली नाही, रस्त्यावर लटकून स्वतःची चालवणार नाही.

कलम ५. चिंचमळा येथील एक एकर बागायत, त्यातील विहीर, पत्र्याचे घर, गोठा व झाडे यांसह. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे.

आम्ही दोघे यंदा संक्रांतीनंतर इथे राहायला आलो. वर्षभर राहून बघू, जमले नाही तर परत जाऊ, असे ठरले होते. शेती करण्याची हौस माझी होती. माझे पती भीमराज एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांना इंजिन कळते आणि त्यांना कोणालाही 'नाही' म्हणता येत नाही. संसारात याचा मला किती त्रास झाला हे इथे लिहीत नाही, कागद पुरणार नाही. एकच सांगते. मार्च महिन्यात मी त्यांना शेळ्या आणायला घोडेगावच्या बाजारात पाठवले. संध्याकाळी टेम्पोतून एक बैल उतरला.

"शेळ्या कुठायत?" मी विचारले. मी सुपरवायझर झाल्यापासून चुकले की ते मला साहेब म्हणतात.

"साहेब, त्याचा जोडीदार दुसऱ्यानं नेला. हा एकटाच उभा होता. व्यापारी म्हणला, काका, तुमीच घ्या."

"आणि तुम्ही घेतला."

"त्यानं लई गळ घातली."

"बैलानं की व्यापाऱ्यानं?"

यावर ते बैलाला पाणी दाखवायला गेले. शेळ्या पुढच्या बाजाराला मी स्वतः जाऊन आणल्या. एका बैलाने औतही चालत नाही आणि तण काढायचे कोळपेही नीट चालत नाही. दोन दिवस अख्खी वस्ती बैल बघायला येऊन हसून गेली. तिसऱ्या दिवशी शेजारचे आप्पासाहेब आले. त्यांच्या जोडीतला एक बैल थंडीत मेला होता. ते म्हणाले, "भाऊ, एक तुमचा, एक माझा. सावड करू." सावड म्हणजे दोघांनी बैल एकत्र करून जोडी करायची आणि पाळीपाळीने दोघांच्या रानात काम करायचे. आमच्या बाजरीची कोळपणी त्याच जोडीने झाली आणि आप्पासाहेबांच्या सोयाबीनचीही. पावसाळाभर भीमराज पहाटे उठून बैलाबरोबर आप्पासाहेबांच्या रानात जात होते. आयुष्यभर घड्याळाच्या पाळीला कंटाळलेला हा माणूस या पाळीला एकदाही चुकला नाही.

भाद्रपदात पलीकडच्या उसातून बिबट्या आला आणि आप्पासाहेबांचे कुत्रे घेऊन गेला. ही बातमी महेंद्रला मोबाईलवर कळली. पुढच्याच रविवारी तो गाडी घेऊन दारात.

"पप्पा, बास झालं आता. हौस झाली. आईचं काही कमीजास्त झालं तर तुम्ही एकटे इथे राहणार? प्लॉटिंगवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याला फक्त तुमची दोघांची तयारी पाहिजे."

भीमराज म्हणाले, "बरं, बघू."

भीमराज यांचे 'बरं, बघू' म्हणजे होकार असतो. हे महेंद्रलाही माहीत आहे, म्हणूनच तो खुशीत परत गेला. महेंद्र वाईट मुलगा नाही. त्याला खरोखर काळजी वाटते. पण काळजी आणि घाई यांतला फरक त्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यामागे गवत कापत होते. पलीकडून दोघांचे बोलणे ऐकू आले. भीमराज म्हणत होते, "आप्पासाहेब, बैल तुम्हीच ठेवून घ्या. पुढच्या खरिपाला मी असंन नसंन."

"का? कुठं चालला?"

"पोरगा म्हणतो पुण्याला चला."

"मग बैल पन घेऊन जा लिफ्टमदून. सावडीत बैल मानसासकट येतो, भाऊ. नुसता बैल मी न्हाई घेत. औतामागं माझ्या संगं गप्पा कोन मारनार, तुमचा बैल?"

भीमराज हसले नाहीत. त्यांना जायचे नाही आणि तरीही ते जातील, हे मला तेव्हा कळले.

म्हणून मी मसुदा केला. त्यात लिहिले की जमीन मुलांच्या नावे, पण भीमराज यांना हयातभर राहण्याचा व वहिवाटीचा हक्क. विकण्याचा हक्क त्यांना नाही आणि त्यांच्या हयातीत मुलांनाही नाही. कोणी कितीही गळ घातली तरी त्यांच्या सहीला किंमतच राहणार नाही, अशी ती रचना होती. वकिलांनी वाखाणली. मी ती भीमराज यांना वाचून दाखवली. ते बैलाच्या खांद्याला तेल चोळत होते.

"म्हणजे मी राहायचं, पण शेत माझं नाही," ते म्हणाले.

"तुमच्याच भल्याचं आहे. उद्या महेंद्र कागद घेऊन आला तर तुम्ही सही करून मोकळे व्हाल."

"नाही."

"काय नाही?"

"असलं नको मला. द्यायचं तर शेत दे, नाहीतर सरळ पोरांना दे. राखणदार म्हणून मी इथं राहणार नाही."

"आणि महेंद्र आला तर?"

"आला तर चहा करीन. सही करणार नाही."

"आणि बिबट्या आला तर?"

"तू आहेस तोवर काळजी त्यालाच. नंतर माझं मी बघीन."

मी त्यांना पुन्हा विचारले. पुन्हा तेच. मी आवाज चढवला, त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत तिसऱ्यांदा तेच सांगितले. इतक्या वर्षांच्या संसारात ते मला असे कधी बोलले नव्हते. मसुदा मी तिथेच फाडला.

तेव्हा चिंचमळ्यातील एक एकर, विहीर, घर, गोठा व झाडे यांसह, मी माझे पती भीमराज यांना पूर्ण मालकी हक्काने देते. अट कोणतीही नाही. ते ती कसतील, पडीक ठेवतील, विकतील किंवा कोणाला देतील. त्यात मुलांनी, वकिलांनी किंवा मी मागे ठेवलेल्या कोणत्याही चिठ्ठीने आडवे येऊ नये. अशी चिठ्ठी मी ठेवलेली नाही. ते माझ्याआधी गेले तर ही जमीन महेंद्र व रश्मी यांना समान, आणि मग त्यांनी हवे ते करावे.

महेंद्र, हे कलम वाचून तुला राग येईल. पप्पांना इथे अडकवून ठेवले असे वाटेल. तसे असेल तर इथे ये, एक पूर्ण दिवस राहा, कोळप्यामागून त्यांच्याबरोबर चाल आणि त्यांनाच विचार. माझ्याकडून त्यांच्या वतीने उत्तर मिळण्याचे दिवस या कागदाने संपले.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्यादेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत केली. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, याची त्यांना कल्पना दिली आहे. आप्पासाहेब म्हणाले, "वहिनी, मला शेजार मिळाला, तो लिवू नका."

ठिकाण: मौजे चिंचमळा, ता. राहुरी
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) सुलोचना भीमराज भिंगारदिवे

साक्षीदार:
१. (सही) आप्पासाहेब रामहरी तनपुरे, शेती, रा. चिंचमळा
२. (सही) सोपान आबासाहेब म्हसे, निवृत्त पोस्टमास्तर, रा. राहुरी