पालथी नक्षी

फास, २ ऑक्टोबर १९५८

चि. तहामी यास,
बतूलताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र येतं ते ईदेला, तेही चार ओळींचं, म्हणून आधी माझंच धाडते. आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण बा बरा नाही. त्याचे डोळे गेले. अधू झाले नव्हेत, गेलेच. परवा बिसाऱ्याच्या कढणाचा वाडगा समजून त्यानं मांजराच्या पाठीवर हात ठेवला. मी हसले, आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडले.

कारखान्यात कुणाला पत्ता नाही. घरापासून तिथवरची वाट त्याच्या पायांना पाठ आहे, आणि झलीजच्या रंगीत तुकड्यांच्या नक्षीचं काम कसं असतं ते तुला मी काय सांगू. रंगीत बाजू खाली करून तुकडे पालथे मांडायचे. वर दिसते ती नुसती भाजलेली माती. डोळसालाही नक्षी दिसत नाही, ती उस्तादाच्या डोक्यातच असते. पाठीवर गिलावा ओतून तो वाळला की तक्ता उचलायचा, तेव्हा कळतं काय झालंय. फक्त मागितल्या रंगाची टोपली पुढे करायला शेजारी माणूस लागतो. चाळीस वर्षं ते अल्लालचाचांनी केलं. उन्हाळ्यात ते वारले.

आता तांजा शहरातल्या हाज कद्दूरच्या बैठकीतली कारंज्यामागची भिंत करायला आली आहे. बाला ही एकच भिंत करून नावानिशी उठायचं आहे, दुसरं काही मागणं नाही. परक्याला जवळ बसवलं तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर बोभाटा. तेव्हा तू ये. मी बाला विचारलं. तो म्हणाला, येऊ दे, टोपल्या धरण्याइतकी अक्कल तेतुआनवाल्यांनी त्याला शिकवली असेल. हे मी लपवत नाही, कारण तू त्याला ओळखतोस. डोळे गेले तरी जीभ शाबूत आहे.

माझ्यावर लोभ असेल तर तो या वेळी पायांनी दाखव.

तुझी,
बतूल


तेतुआन, ११ ऑक्टोबर १९५८

ती. बतूलताईस,
तहामीचा सलाम वि. वि.

पत्र वाचून दुःख झालं असं लिहायला हवं. झालं नाही. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चवीनं.

अकरा वर्षांपूर्वी माझा पहिला तक्ता उचलला, तेव्हा एका चांदणीत एक तुकडा चुकला होता. एकच. बाने सगळ्या कारागिरांदेखत गिलाव्याची बादली माझ्या डोक्यावर ओतली आणि वाळेपर्यंत मला उन्हात उभं केलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. पुढच्या महिन्यात लग्न होतं आणि मुलीचा बाप दारातच उभा होता. केस तूच कातरलेस. लग्न मोडलं हेही तूच येऊन सांगितलंस.

इथं ओल्या मातीचेच तुकडे पाडून भाजतात, छिन्नीनं घडवत नाहीत. बा त्यांना बिस्किटं म्हणतो ते माझ्या कानावर आलंय. असू दे. बिस्किटांवर माझं पोट भरतं.

तरी येतो. तू बोलावलंस म्हणून, आणि तुझ्या हातची हरिरा इथल्या कुणाला जमत नाही म्हणून. बाला सांग, टोपल्या धरीन आणि तोंड उघडणार नाही.

लोभ आहेच. त्यातला माझा वाटा बाला दिलास तरी चालेल, त्याला आता लागेल.

तुझा,
तहामी


तेतुआन, २० नोव्हेंबर १९५८

ती. बतूलताईस,
तहामीचा सलाम वि. वि.

गिलावा ओतला त्याच संध्याकाळी मी निघालो. मालकाचं बोलावणं आल्याचं सांगितलं, ते खोटं होतं. तू वाटेसाठी रोटी आणि ऑलिव्ह बांधून दिलेस. ते मला खाववले नाहीत.

आता सांगायला हरकत नाही. नक्षीतले बदामाच्या घाटाचे हिरवे आणि काळे तुकडे एकाच आकाराचे असतात. पहिले पाच दिवस मी इमानानं दिले. सहाव्या दिवशी बाने भर कारखान्यात विचारलं, हात धुतलेस का, तुझ्या बिस्किटांचा चुरा माझ्या कामाला लागायचा. सगळे हसले. त्या दिवसापासून त्यानं हिरवा मागितला की मी कधी हिरवा देत होतो, कधी काळा, मनाला येईल तसा. तोही बिचारा मांडत गेला.

सोमवारी तक्ता उचलला असेल. ताई, सगळं बैजवार लिही. कारागिरांच्या मुखियाचं, त्या अमीनाचं, तोंड कसं झालं, हाज कद्दूर काय म्हणाला, आणि मुख्य म्हणजे बाला कुणी सांगितलं. की कुणाचीच छाती झाली नाही आणि तो शाबासकीची वाट बघत तसाच उभा राहिला? मला ते फार बघायचं होतं. पण तिथं तूही असणार होतीस.

रागावशील. राग ओसरला की लोभ ठेव, एवढंच मागतो.

तुझा,
तहामी


फास, २९ नोव्हेंबर १९५८

तहामी,

तुझं पत्र आलं तेव्हा बा समोरच बसला होता. काय लिहिलंय म्हणून त्यानं विचारलं आणि मी भोळेपणानं मोठ्यानं वाचायला लागले. मध्येच थांबले, तर म्हणाला, पुढे वाच. ऐकून झाल्यावर त्यानं चहा मागितला, सावकाश प्यायला, आणि मला कागद घ्यायला लावला. तुला मीच बोलावलं, हे मला जन्मभर पुरेल. खालचे शब्द त्याचे आहेत. आशीर्वाद लिही असं तो म्हणाला नाही, म्हणून मी लिहिला नाही.

"तहामी, काळ्याचा लेप हिरव्यापेक्षा जाड बसतो. पन्नास वर्षं ज्याचा अंगठा त्यावरून फिरला त्याला ते कळतं. टोपली मला दिसत नाही, पण तुकडा हातात आला की त्याचा रंग मला कुणी सांगावा लागत नाही. बतूललाही हे माहीत नव्हतं.

"पहिला काळा बदाम दिलास तेव्हा वाटलं, चुकलास. दुसरा दिलास तेव्हा समजलो. मी तो मांडला. संध्याकाळी उठताना तुला विचारलं, सगळं नीट आहे ना. तू हो म्हणालास. मग मी रोज विचारलं, तेरा संध्याकाळी. गिलावा कालवून झाल्यावरही हात थांबवून विचारलं, ओतू का. तू म्हणालास, ओत.

"मला एकेक तुकडा बदलून घेता आला असता. भिंती मी पुष्कळ पाहिल्यात. मला तुला बघायचं होतं.

"तक्ता उचलला. मीच अमीनाला म्हणालो, माझे डोळे गेलेत, चूक माझी आहे. हाज कद्दूरनं ती भिंत घेतली नाही. मी हातोडा मागून घेतला आणि ती फोडली. आता मी कारखान्यात जात नाही. तुझं नाव घेतलं नाही, त्याला माया समजू नकोस. असलं माझ्या घरात निपजलं हे गल्लीला कळायला नको होतं.

"अमीनानं विचारलं, टोपल्या कोण देत होतं. तीन आठवडे तू माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला सगळ्यांनी पाहिला होता. मी म्हणालो, माझ्याजवळ कुणी नव्हतं. एकानंही माझं बोलणं खोडून काढलं नाही."

बतूल